‘प्रेसमध्ये आहे’ म्हणजे नेमका कुठे?

१. एका स्थळाची गोष्ट

लग्नाच्या बोलणीसाठी नाशिकरोडला उतरलेल्या पाहुण्यांना चहाचा कप पुढे करताना मुलाचा काका जेव्हा ‘आमचा मुलगा प्रेसमध्ये आहे’ असे बेताच्या अभिमानाने सांगतो, तेव्हा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे खांद्याला झोळी अडकवून सभा-संमेलनांतून हिंडणारा, अवेळी जेवणारा आणि पगाराची शाश्वती नसलेला वार्ताहर उभा राहतो, व त्यांचा चेहरा किंचित उतरतो. त्याच बैठकीत बसलेल्या नाशिककर मध्यस्थाला मात्र याच वाक्यात सरकारी पगार, नेहरूनगरातली वसाहत आणि कन्येचे उर्वरित आयुष्य सुखरूप दिसत असते. हा गैरसमज दूर व्हायला फार वेळ लागत नाही. पण एकच शब्द दोन शहाण्या माणसांना दोन दिशांना का घेऊन गेला, हा प्रश्न मागे उरतोच.

शिवाय दिशा दोनच नाहीत. सातपूरचा कामगार ‘प्रेसवर आहे’, घरातली गृहिणी कपडे ‘प्रेसला’ देते, आणि दुचाकीच्या पाटीवर ‘प्रेस’ अशी अक्षरे रंगवून वाहतुकीच्या हवालदाराकडे निर्भयपणे पाहणारा इसम ‘प्रेसचा’ असतो. वाचकाने येथे शब्दाकडे न पाहता त्याच्या शेपटाकडे पाहावे. मूळ इंग्रजी शब्द तोच आहे, परंतु ‘मध्ये’, ‘वर’, ‘ला’, ‘चा’ ही आपली घरची शेपटे लावून मराठीने त्याचे अर्थ वाटून दिले आहेत. परका पाहुणा घरात आला की त्याला कोणत्या खोलीत उतरवायचे हे यजमानीण ठरवते, तसाच हा प्रकार आहे. या प्रकरणात आपण त्या खोल्या एकामागून एक पाहू.

२. सोऱ्यात दडलेले यंत्र

इंग्रजीत ‘प्रेस’ हे मुळात क्रियापद आहे. ‘दाबणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघून फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. आपल्याकडे दाबण्याच्या क्रियेला शब्दांचा तोटा कधीच नव्हता: लिंबू आपण पिळतो, पाय चेपतो, पीठ मळतो, ऊस चरकात घालतो, तेल घाण्यावर काढतो, गर्दीत रेटतो आणि गुन्हा दडपतो. इंग्रज यांतल्या पुष्कळशा ठिकाणी एकाच शब्दावर भागवतो. म्हणून मराठीने त्याचे क्रियापद घेतलेच नाही. नाम तेवढे घेतले, आणि कधी क्रिया सांगायची वेळ आलीच तर ‘प्रेस करणे’ असे ‘करणे’चे ठिगळ लावले.

नाम घेतले ते यंत्राचे. हे यंत्र समजण्यासाठी कारखान्यात जाण्याचे कारण नाही. दिवाळीच्या आधी फडताळातून निघणारा चकलीचा पितळी सोऱ्या पुरेसा आहे. सोऱ्याच्या आत आट्यांची दांडी असते, दांडीच्या खाली दट्ट्या असतो, वर फिरवायची आडवी मूठ असते. भाजणीचे घट्ट पीठ नुसत्या हाताने चकतीच्या भोकांतून ढकलू म्हटले तर पैलवानाला जमणार नाही, ते आजी मूठ फिरवून लीलया करते. हे कसे होते, याचा हिशेब सोपा आहे. समजा, मुठीचे टोक मधल्या दांडीपासून दहा सेंटिमीटरवर आहे आणि एका फेऱ्यात दट्ट्या अर्धा सेंटिमीटर खाली उतरतो. हाताने एका फेऱ्यात कापलेले अंतर सुमारे त्रेसष्ट सेंटिमीटर, दट्ट्याने कापलेले अर्धा सेंटिमीटर. म्हणजे हाताने अंतर जितके अधिक कापले त्याच प्रमाणात, सुमारे सव्वाशेपट, जोर दट्ट्याला मिळावा. प्रत्यक्षात आट्यांच्या घर्षणात त्यातला मोठा हिस्सा खर्ची पडतो. तरीही उरतो तो चकलीला पुरून उरतो.

जुनी प्रेस म्हणजे हाच सोऱ्या, माणसाच्या उंचीचा. दट्ट्याखाली द्राक्षे ठेवली की रस निघाला, ऑलिव्ह ठेवली की तेल निघाले, आणि पंधराव्या शतकाच्या मध्यास ऱ्हाइन नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या मुलखात, माइन्त्स गावच्या गुटेनबर्गने दट्ट्याखाली शाई लावलेले धातूचे खिळे आणि त्यांवर कागद ठेवला, तेव्हा पुस्तक निघाले. मुद्रणयंत्राची कुळी ही अशी रसाच्या घाण्यापर्यंत पोहोचते.

गुटेनबर्गच्या गावी मद्य आधी आणि मुद्रण नंतर आले. नाशकात हा क्रम नेमका उलटा आहे. येथे नोटांची छपाई १९२८ पासून चालली आहे, आणि गंगापूर धरणाच्या बाजूला उभ्या राहिलेल्या सुला या वाइनरीची पहिली वाइन बाजारात आली २००० साली. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आंबवण्यापूर्वीच दाबून रस वेगळा करतात. लाल वाइनसाठी सालींसकट आंबवतात आणि मग साली दाबतात, कारण रंग सालीत असतो. आजच्या वाइनरीतील प्रेसला आटे नसतात. पोलादी आडव्या पिंपात रबरासारखा एक पडदा असतो, त्यात हवा भरली की तो फुगून द्राक्षांना हळुवार दाबतो. हळुवारपणा अशासाठी की बी चिरडली तर कडवटपणा उतरतो. दाब किती द्यावा यापेक्षा कुठे थांबावे हे कळणे अधिक कठीण, असे सोऱ्या चालवणारी आजीही सांगेल.

३. शिळाप्रेस आणि तुपाची शाई

मुद्रणाची प्रेस हिंदुस्थानात प्रथम उतरली ती गोव्यात, १५५६ साली, आणि जेझुइट पाद्र्यांच्या हाती. आपल्या भाषेतील ‘क्रिस्तपुराण’ हे फादर स्टीफन्सचे काव्य १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. देवनागरी मजकुराची रहदारी मुंबईत सुरू व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. मिशनऱ्यांचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना उभारला, आणि छापील पंचांग लोकांच्या हाती पडले. छापील शाईत चरबी असते या समजुतीने सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवत नसत, म्हणून तुपाची शाई करून धार्मिक ग्रंथ छापले गेले, असे सांगतात. ग्राहकाच्या शंकेचे इतके चविष्ट निरसन व्यापाराच्या इतिहासात क्वचितच झाले असेल.

त्या काळी गुळगुळीत दगडावर मजकूर लिहून छापण्याच्या पद्धतीला आपल्या लोकांनी ‘शिळाप्रेस’ असे नाव दिले. शिळा संस्कृत, प्रेस इंग्रजी. लग्न बिनबोभाट लागले. याच्याच बरोबरीने ‘छापखाना’ हा फारसी वळणाचा आणि पुढे ‘मुद्रणालय’ हा संस्कृत वळणाचा शब्द रूढ झाला. आज गंभीर लेखणी ‘मुद्रणालय’ लिहिते, बाजार ‘छापखाना’ म्हणतो आणि छापखान्याचा मालक पाटीवर ‘प्रेस’ रंगवतो. लिंगाचा घोळ मात्र मिटलेला नाही. छापखान्याच्या छायेत ‘तो प्रेस’ म्हणणारे आहेत, इस्त्रीच्या छायेत ‘ती प्रेस’ म्हणणारे आहेत. परका शब्द स्वतःचे लिंग आणत नाही, जागा खाली करून देणाऱ्या शब्दाचे पांघरतो. नाशिकरोडला बहुधा ‘ती’ ऐकू येते, म्हणून पुढे मीही तीच म्हणेन.

४. ‘प्रेसमध्ये’

टपालाची तिकिटे १८५५ पासून लंडनच्या दे ला रू या कंपनीकडून छापून यायची आणि चलनी नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून. राज्य येथले, रयत येथली, महसूल येथला आणि त्याच्या पावतीचा कागद मात्र सातासमुद्रापलीकडून, अशी ही व्यवस्था होती. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने हे काम येथेच करण्याचे ठरवले व त्यासाठी नाशिकरोडची जागा मुक्रर केली. मुंबईला लोहमार्गाने जोडलेले, पण मुंबईच्या दमट हवेपासून घाटाने तोडलेले हे ठिकाण छपाईला सोयीचे होते. कागद हवेतील ओलावा पितो आणि फुगतो. एक रंग सकाळी छापला, दुसरा दुपारी, आणि मधल्या वेळात कागद केसाएवढा जरी वाढला तरी दोन रंगांची सांगड बिघडते. घरच्या पापडावर पावसाळ्यात काय गुदरते हे पाहिलेल्या माणसाला याहून अधिक स्पष्टीकरण नको.

इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिकिटांची छपाई तेथे सुरू झाली. १९२८ मध्ये शेजारी करन्सी नोट प्रेस आली, व पंचम जॉर्जच्या छबीची पाच रुपयांची नोट ही तेथली पहिली नोट. स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले तिकीट, तिरंग्याचे चित्र असलेले साडेतीन आण्यांचे, २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले तेही नाशिकचेच. मुद्रांक, पारपत्रे, धनादेश असे जे जे बनावट होऊ नये असे कागद राज्यकारभाराला लागतात, ते पुष्कळसे येथून निघत आले. २००६ पासून या दोन्ही प्रेस एका सरकारी महामंडळाकडे आहेत. परंतु नाशिकरोडच्या तोंडी त्या सिक्युरिटी प्रेस आणि नोट प्रेस याच नावांनी राहिल्या, आणि तेथली माणसे ‘प्रेस कामगार’.

नोट बनावट होऊ नये यासाठी दाबाचाच उपयोग कसा करतात, ते घरबसल्या पाहता येते. रबरी शिक्क्यात अक्षर उंच असते. शाई उंचवट्याला लागते आणि कागदावर सपाट उमटते. आता पेढ्याचा किंवा मोदकाचा साचा आठवा. त्यात नक्षी खोल कोरलेली असते. खवा त्या खोलीत दाबला की बाहेर येताना नक्षी उंच होऊन येते. नोटेचे महत्त्वाचे भाग या दुसऱ्या रीतीने छापतात. धातूच्या पत्र्यावर रेषा खोदलेल्या असतात, त्या खाचांत शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात, आणि मग कागद इतक्या प्रचंड दाबाखाली पत्र्यावर आणतात की तो स्वतःच खाचांत शिरून शाई उचलून घेतो. सुकल्यावर ती रेषा बोटाला लागते. शंभर रुपयांची करकरीत नवी नोट घ्या, डोळे मिटा आणि गांधीजींच्या छबीवरून अंगठ्याचे नख हलकेच फिरवा, खरखर जाणवेल. दहाच्या नोटेवर ती जाणवणार नाही. आता शंभराच्या नोटेच्या डाव्या-उजव्या कडा चाचपा: चार तिरप्या उंच रेघा लागतील, पाचशेच्या नोटेवर त्या पाच होतात. दृष्टिहीन माणसाला नोट ओळखता यावी यासाठी ही तजवीज आहे. झेरॉक्सच्या यंत्राला चित्र हुबेहूब काढता येते. हा दाब त्याला देता येत नाही.

येथे व्याकरणाची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘नोटप्रेस’ आणि ‘प्रेसनोट’ हे दोन्ही शब्द नाशकात रोज उच्चारले जातात; पहिला नाशिकरोडला, दुसरा जिल्हाधिकारी कचेरीत. सामान तेच, फक्त डबे उलटे जोडले आहेत. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते हे आपण शाळेत घोकले होते. नोटप्रेस म्हणजे नोटांची प्रेस, षष्ठी तत्पुरुष. प्रेसनोट म्हणजे प्रेससाठी नोट, चतुर्थी तत्पुरुष. दोन इंग्रजी शब्दांनी पाणिनीच्या घरचा शिस्तीचा नियम इतक्या निमूटपणे पाळलेला पाहून कोणाही व्याकरणमास्तराला भरून यावे. आणि ‘नोट’ तरी काय? मूळ लॅटिन अर्थ ‘खूण’. मग खुणेसाठी केलेले टिपण, मग पैसे देण्याचे लेखी वचन. चलनी नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराच्या सहीने ते वचन अजून छापलेले असते. कचेरीतून येणाऱ्या प्रेसनोटीतही पुष्कळदा वचनेच असतात, मात्र ती वटवण्याची सोय कोठल्याही बँकेत नाही.

५. ‘प्रेसचा’

यंत्राचे नाव माणसांना कसे चिकटते? आपल्याच घरातले उदाहरण घ्या. ‘दप्तर’ म्हणजे मूळ नोंदीची वही. मग त्या वह्या ज्या कापडात बांधत ते कापड, मग त्या जेथे ठेवत ती कचेरी, आणि अखेर शाळकरी पोराच्या पाठीवरची पिशवी. ‘गादी’ म्हणजे कापसाची बैठक, पण ‘गादीने हुकूम केला’ म्हटले की कापूस बोलला असे कोणी समजत नाही. तसेच प्रेस म्हणजे आधी यंत्र, मग यंत्राची इमारत, मग तेथून निघणारी पत्रे, मग ती चालवणारी माणसे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि मराठी माणूस हळूहळू या शेवटच्या अर्थापर्यंत पोहोचला.

सरकारला मात्र हा अर्थविस्तार मान्य नव्हता. ते यंत्रच पकडीत असे. माणूस पळून जाऊ शकतो, लेखणी लपवता येते, पण शेकडो मण वजनाचे लोखंड कोठे जाणार? १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतील पत्रांवर कायदा लादला तो याच युक्तीने, छापखान्याला जामीनकीच्या पेचात धरून. त्या पेचाचा दुसरा फेरा नाशिकशी निगडित आहे. १९०९ साली बाबाराव सावरकरांना कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि १९१० च्या आरंभी नवा प्रेस ॲक्ट आला, ज्याने छापखाना काढणाऱ्याकडून रोख जामीनकी मागण्याचा अधिकार सरकारला दिला. इंग्रजीत त्या जामीनकीलाही ‘सिक्युरिटी’च म्हणतात. म्हणजे पंधरा वर्षांनी याच जिल्ह्यात जी प्रेस उभी राहिली तिच्या नावातली सिक्युरिटी वेगळी, आणि ज्या सिक्युरिटीच्या धाकाने येथले छापखाने बंद पडत ती वेगळी.

दुचाकीवरच्या ‘प्रेस’ या अक्षरांबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो: ज्याला खरोखर बातमी गाठायची असते त्याच्या गाडीवर ती क्वचितच आढळतात.

६. ‘प्रेसवर’ आणि ‘प्रेसला’

सातपूर-अंबडच्या वसाहतीत कामगार लेथवर असतो, ड्रिलवर असतो, तसाच प्रेसवर असतो. ‘मध्ये’ म्हटले की इमारत आणि खाते. ‘वर’ म्हटले की यंत्र आणि त्यापुढे उभा माणूस. ही पॉवर प्रेस पोलादाचा पत्रा पंच आणि डाय यांच्यामध्ये दाबून त्याला मोटारीच्या भागाचा आकार देते, आणि तिची ओळख टनांनी करून देतात: शंभर टनी, अडीचशे टनी. अशा प्रेसला चालू करायला पुष्कळदा दोन बटणे असतात, एकमेकांपासून हातभर दूर, आणि दोन्ही एकदम दाबल्याखेरीज ती खाली येत नाही. या व्यवस्थेमागचे कारण कामगाराच्या हाताकडे पाहिले की कळते. दोन्ही हात बटणांवर गुंतले की बोटे डायखाली जाऊ शकत नाहीत. जुन्या, पायाने चालवायच्या प्रेसवर काम केलेल्या माणसाशी हस्तांदोलन करताना एखादे पेर कमी लागले, तर विचारू नये. तो स्वतःहून सांगतो.

पलीकडे खानदेशात ‘जीन-प्रेस’ असा जोडशब्द आहे. जीनमध्ये कापसाची सरकी निघते, प्रेसमध्ये रुईची गाठ बांधली जाते, आणि एका गाठीचे वजन १७० किलो धरतात. खोलीभर फुगलेली रुई कपाटाएवढ्या गाठीत कशी मावते हे एकदा पाहावे. दाबाचा इतका साक्षात प्रत्यय दुसरीकडे मिळायचा नाही.

कपडे ‘प्रेसला’ जातात तेव्हा दाब त्या मानाने अगदी किरकोळ असतो; खरे काम ऊब आणि ओलावा करतात. सुती धाग्यांना सुरकुतीची सवय लागलेली असते. पाण्याचा शिडकावा ती सवय सैल करतो, तापलेला तवा धागे सरळ करतो आणि सुकता सुकता ते सरळच राहतात. म्हणून कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आधी तांब्यात बोटे बुडवून पाणी शिंपडतो. त्याची ‘इस्त्री’देखील अस्सल मराठी नव्हे, पाव, बटाटा आणि चावी यांच्याबरोबर ती पोर्तुगीजांकडून आली असे मानतात. म्हणजे येथे एका परदेशी शब्दाला दुसरा परदेशी शब्द हुसकावू पाहतो आहे, आणि आपण तटस्थ राहायला हरकत नाही. या ‘ला’चा एक अपवाद नोंदवतो: लेखक जेव्हा ‘पुस्तक प्रेसला गेले’ म्हणतो, तेव्हा ते इस्त्रीला गेलेले नसते, जरी पुष्कळ पुस्तकांना तिची गरज असली तरी.

७. भावंडांची झटपट ओळख

याच धातूची मुले आपल्याकडे वेगवेगळ्या वाटांनी आली. ‘एक्स्प्रेस’ म्हणजे मूळ अर्थाने दाबून बाहेर काढलेले, म्हणून स्पष्ट, म्हणून एका ठरावीक कामासाठीचे; ठरावीक कामासाठी सोडलेली गाडी ती एक्स्प्रेस, आणि वेगाचा अर्थ मागाहून चिकटला. १९७५ पासून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणारे चाकरमाने डब्यात जेव्हा खांद्याला खांदा लावून उभे असतात, तेव्हा दाबाचा मूळ अर्थ त्यांना व्युत्पत्तीवाचूनही कळतो. ‘डिप्रेशन’ म्हणजे खाली दाबले जाणे. वैद्य तो शब्द मनाला लावतात, वेधशाळा समुद्रावरच्या हवेला. वेधशाळेच्या अर्थाचे ‘कमी दाबाचे क्षेत्र’ निर्माण झाल्याची बातमी काढणीच्या तोंडावर आली, की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला वैद्यांचा अर्थही लागू पडतो. ‘इम्प्रेशन’ला तर आपल्याकडे जुनाच जोडीदार आहे. छाप पाडणे, ठसा उमटवणे, शिक्कामोर्तब करणे हे सारे दाबाचेच प्रकार, आणि ते इंग्रजीची वाट न पाहता मराठीत नांदत होते.

दाबण्याची प्रत्यक्ष क्रिया मात्र मराठीने अजून सोडलेली नाही. दूरध्वनीवरची बाई ‘मराठीसाठी १ दाबा’ असेच सांगते. ‘प्रेस करा’ असे म्हणणारी यंत्रेही भेटतात, पण ती ऐकताना हिंदीचा वास येतो.

तेव्हा नाशिकरोडला रिक्षात बसून नुसते ‘प्रेस’ असे सांगू नका. सिक्युरिटी प्रेस आहे, नोट प्रेस आहे, आणि गांधीनगरला भारत सरकारचे मुद्रणालय आहे, त्यालाही लोक प्रेसच म्हणतात. कुठली ते आधी सांगा.